शॉर्टकट चालत नाही? बदलण्याआधी तो कोण खातंय ते शोधा

मराठवाड्यात संगणकावर पोट असलेल्यांची कामं साधारण ठरलेली आहेत. लातुरात क्लासेसच्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स, परभणी-नांदेडला फ्लेक्स आणि लग्नपत्रिका, जालन्याच्या मोंढ्यात आडतीचा हिशेब, तालुक्याच्या सेवा केंद्रात दाखले आणि पीक विम्याचे अर्ज. या सगळ्या ठिकाणी एकाच संगणकावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालतं, आणि त्याच खुर्चीवर सकाळी एक ऑपरेटर तर संध्याकाळी दुसरा बसतो. प्रत्येकजण आपल्या सोयीने शॉर्टकट, म्हणजे दोन-तीन की एकत्र दाबून एखादं काम करायची जुळणी, लावतो, प्रत्येक टायपिंग सॉफ्टवेअर आपल्या परीने एखादी की अडवून धरतं, आणि एक दिवस कालपर्यंत चालणारा शॉर्टकट बंद पडतो.

अशा वेळी नवा माणूस एकच करतो: त्या कामाला दुसरा शॉर्टकट देतो. तोही कुठेतरी अडतो, मग तिसरा. महिन्याभरात कुठली की कशाला लावली हे कुणालाच सांगता येत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या बिघाडालाच थांबा. तुमची की मधेच कोण घेतंय हे कळेपर्यंत काहीही बदलू नका. शोधायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि कारण सापडलं की तेवढ्यावर काम भागतं.

की कुठून कुठे जाते

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी टेलच्या शेतापर्यंत पोचायचं तर वरच्या सगळ्या दारांनी ते पुढे सोडावं लागतं. वर कुणी दार उघडलं की खाली चारी कोरडी. शॉर्टकटचंही तसंच आहे. तुम्ही दाबलेली की आधी कीबोर्डच्या स्वतःच्या यंत्रणेतून जाते, मग विंडोजकडे, मग घड्याळाजवळ चिन्ह करून बसलेल्या पार्श्वभूमीतल्या प्रोग्रामांकडे, आणि त्यातल्या कुणी घेतली नाही तरच समोर उघडलेल्या वर्डला किंवा डिझाइनच्या कोरलड्रॉला (कोरलला) मिळते. वर कुणी घेतली असेल तर वर्डला ती दाबल्याचं कळतसुद्धा नाही. मग वर्डमध्ये कितीही सेटिंग बदला, उपयोग शून्य.

समोरच्या प्रोग्रामच्या आत मात्र हिशेब वेगळा आहे. तिथे तुम्ही बनवलेला शॉर्टकट मूळ शॉर्टकटला बाजूला सारतो. वर्डमध्ये कंट्रोल + एस हा शॉर्टकट दुसऱ्या कशाला दिला, तर त्या कीने सेव्ह होणं बंद.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण 'काल चालत होतं, आज नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. दोन प्रोग्रामांनी विंडोजकडे एकच शॉर्टकट संपूर्ण संगणकासाठी मागितला, तर जो आधी सुरू होतो त्याला तो मिळतो. दुसऱ्याची मागणी नाकारली जाते, आणि पुष्कळ प्रोग्राम ते तुम्हाला सांगतही नाहीत. लाइट गेली, संगणक पुन्हा सुरू झाला, या वेळी दुसरा प्रोग्राम आधी उठला, की शॉर्टकटचा मालक बदलला. तुम्ही काहीही बदललेलं नसतं तरी असं होतं.

पायरी १: कीबोर्ड ठीक आहे ना, एवढं आधी पाहा

हे पटकन उरका. विंडोज + कंट्रोल + ओ दाबलं की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. त्यात शिफ्ट, कंट्रोल किंवा आल्ट हात न लावता दाबलेली दिसत असेल तर ती की अडकली आहे. धूळ साफ करा. स्वस्तातल्या कीबोर्डवर तीन-चार कींची काही जुळणी एकत्र नोंदलीच जात नाही. शेजारच्या टेबलावरचा कीबोर्ड लावून तोच शॉर्टकट दाबून पाहा.

शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की स्टिकी कीज (शिफ्ट, कंट्रोल सोडली तरी दाबलेलीच धरणारी सोय) सुरू करायची विचारणा येते, आणि घाईत एंटर दाबला की ती सुरूही होते. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली तर फिल्टर कीज (झटपट दाबलेल्या कीकडे दुर्लक्ष करणारी सोय). मग कीबोर्ड सुस्तावल्यासारखा, कधी मेल्यासारखा वागतो. सेटिंग्ज → ॲक्सेसिबिलिटी → कीबोर्ड इथे दोन्ही बंद करा.

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामवर काम करणाऱ्यांसाठी हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. सगळं काम वरच्या ओळीवर. पण नव्या लॅपटॉपवर त्याच कींना आवाज आणि उजेड कमी-जास्त करायचं काम आधीच दिलेलं असतं. आडतीवर नवा लॅपटॉप आला आणि 'टॅली चालंना' असा फोन आला, तर आधी हेच तपासा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केप दाबलं की वरची ओळ पुन्हा एफ१ ते एफ१२ होते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, 'ॲक्शन कीज' या नावाने असते, ती बंद करायची. टॅलीत काही बदलायची गरज नाही.

पायरी २: नोटपॅडची परीक्षा

सगळ्या तपासणीतली ही सर्वात उपयोगी युक्ती. साधं नोटपॅड उघडा आणि अडलेला शॉर्टकट त्यात दाबा. नोटपॅडचे स्वतःचे शॉर्टकट मोजकेच आहेत. त्यामुळे तिथेही काही घडलं, म्हणजे एखादी खिडकी उघडली, भाषा बदलली, पडदा आडवा झाला, स्क्रीनशॉट निघाला, तर की खाणारा संपूर्ण संगणकावर पहारा ठेवून बसलेला आहे. तो विंडोजमध्ये किंवा पार्श्वभूमीत शोधा.

नोटपॅडमध्ये काहीच झालं नाही तर दुसरी परीक्षा घ्या. वर्डमध्ये फाइल → ऑप्शन्स → कस्टमाइझ रिबन उघडा आणि खाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स'समोरचं 'कस्टमाइझ' बटण दाबा. 'प्रेस न्यू शॉर्टकट की' या चौकटीत कर्सर ठेवून तोच शॉर्टकट दाबा. चौकटीत त्याचं नाव उमटलं तर की वर्डपर्यंत पोचते आहे. खाली 'करंटली असाइन्ड टू'समोर सध्याचा मालकही दिसेल. चौकट रिकामीच राहिली तर की वरच्या वर गेली. कुणी घेतली ते दिसत नसलं, तरी कुठे शोधायचं नाही हे पक्कं कळतं.

'अनअसाइन्ड' असं दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. वर्डला फक्त वर्डमधलं माहीत असतं.

पायरी ३: आपल्याकडचा खरा गुन्हेगार, भाषा बदलायची की

इंग्रजी एकच भाषा वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, म्हणून इंग्रजी मार्गदर्शकांत ती क्वचितच सापडते. आपल्याकडे पहिला संशय इथेच घ्यायचा.

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की डावी आल्ट + शिफ्ट ही जोडी भाषा बदलायला लागते. मराठीचेच दोन कीबोर्ड जोडले असतील, एक इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) आणि एक फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून टाइप करायची मांडणी), तर कंट्रोल + शिफ्टने त्यांच्यात अदलाबदल होते. आता वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली सरकवायचा शॉर्टकट आहे आल्ट + शिफ्ट + वरचा किंवा खालचा बाण. प्रश्नपत्रिकेत सातवा प्रश्न चौथ्याच्या जागी न्यायला याच्यासारखा शॉर्टकट नाही. पण बाण दाबायला क्षणभर उशीर झाला की नुसती आल्ट + शिफ्ट दाबून सोडल्यासारखं होतं. प्रश्न जागचा हलत नाही, भाषा मात्र बदलते, आणि पुढचं भौतिकशास्त्राचं सूत्र देवनागरीत उमटतं.

एक्सेलमधलं उदाहरण तर याहून ठळक आहे. कंट्रोल + ९ ने ओळ लपते, कंट्रोल + शिफ्ट + ९ ने परत येते. कंट्रोल + ० ने स्तंभ लपतो, पण कंट्रोल + शिफ्ट + ० ने बऱ्याचदा परत येत नाही. एक्सेल बिघडलेलं नसतं. ती जुळणी विंडोजने कीबोर्ड बदलण्यासाठी अडवलेली असते, म्हणून एक्सेलपर्यंत पोचतच नाही.

दोन्हींवर इलाज एकाच जागी आहे:

१. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज → डिव्हाइसेस → टायपिंग मधून तिथेच जाता येतं.

२. तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' वर क्लिक करा. एक छोटी जुन्या धाटणीची खिडकी उघडेल.

३. 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' ही ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा.

४. दोन्ही बाजूंना, म्हणजे भाषेसाठी आणि कीबोर्ड लेआउटसाठी, 'नॉट असाइन्ड' निवडा आणि ओके करा.

भाषा मग कशी बदलायची? विंडोज + स्पेस. ती की कायम चालू राहते, आणि वर्ड, एक्सेल, कोरल यांच्या कुठल्याच रोजच्या शॉर्टकटच्या आड येत नाही. पहिले दोन दिवस हात जुन्या जागी जातील, मग बसते सवय. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायचा पर्याय आहे, तोही सुरू करा. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी अशी सोय झाली की भाषा बदलायची वेळच कमी येते.

हे झालं विंडोजच्या स्वतःच्या कीबोर्डांचं. डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं संगणकावर मांडणाऱ्या, दुकानांत याशिवाय स्वतंत्र टायपिंग सॉफ्टवेअर असतं, आणि ते भाषा बदलायला स्क्रोल लॉक किंवा एफ१२ सारखी एकटी की घेतं. तुमच्या सॉफ्टवेअरने एफ१२ घेतली असेल, तर वर्डमधलं 'सेव्ह ॲज' आणि कोरलमधली आउटलाइन पेनची खिडकी, दोन्ही उघडणं बंद होईल. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ती की बदला. स्क्रोल लॉक मिळत असेल तर तीच घ्या. एक्सेल सोडलं तर तिचा आज फारसा कुणाला उपयोग नाही.

कंट्रोल न लावता एकट्या अक्षरावर चालणारे शॉर्टकट मराठी चालू असताना बंद पडतात, हेही इथेच सांगतो. जीमेलमध्ये कीबोर्ड शॉर्टकट सुरू केले असतील तर सी दाबून नवा मेल उघडतो. इनस्क्रिप्ट चालू असेल तर त्याच कीवर 'म' असतो, आणि 'म' ला जीमेलमध्ये काही काम नेमलेलं नाही. भाषा इंग्रजी केली की सगळं जागेवर.

पायरी ४: कंट्रोल + आल्टपासून दूर राहा

नवीन माणसाला कंट्रोल + आल्ट + अक्षर ही जुळणी मोकळी वाटते. ती मोकळी नाही. विंडोजच्या दृष्टीने, काही कीबोर्डांवर उजवी आल्ट म्हणजेच कंट्रोल + आल्ट. 'इंग्लिश इंडिया' कीबोर्डवर उजवी आल्ट + ४ दाबलं की रुपयाचं ₹ हे चिन्ह उमटतं. आता कुणी वर्डमध्ये कंट्रोल + आल्ट + ४ हा शॉर्टकट चौथ्या मथळ्याला दिला, तर वर्डमध्ये ₹ उमटणं थांबतं, आणि त्याऐवजी सगळी ओळ मथळा होते. दरपत्रक टाइप करणाऱ्याला कारण कळणं अवघड, कारण त्याच्या मते त्याने कंट्रोलला हातच लावलेला नाही.

याच जुळणीवर आणखी दोघांचा डोळा असतो. काही जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या संगणकांवर कंट्रोल + आल्ट + बाण दाबला की पडदा फिरतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये हॉट कीज बंद केल्या की थांबतं. आणि डेस्कटॉपवरच्या प्रोग्राम उघडणाऱ्या शॉर्टकट-चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की' ही चौकट असते, तिच्यात नुसतं अक्षर दाबलं तरी विंडोज आपणहून कंट्रोल + आल्ट लावतं. आधीच्या ऑपरेटरने कधी काळी कॅल्क्युलेटरला असा शॉर्टकट दिला असेल, तर तो आजही की खातो. डेस्कटॉपवरच्या अशा चिन्हांच्या प्रॉपर्टीज एकेक करून पाहा.

पायरी ५: पार्श्वभूमीतला प्रोग्राम निम्म्या-निम्म्याने पकडा

घड्याळाशेजारच्या वरच्या बाणावर क्लिक करा. स्क्रीनशॉटचं टूल, क्लिपबोर्डचं टूल, व्हिडिओ रेकॉर्डर, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, काय काय बसलेलं आहे ते दिसेल. एकेक बंद करत बसू नका. निम्मे बंद करा आणि शॉर्टकट दाबून पाहा. चालला तर गुन्हेगार बंद केलेल्या निम्म्यात आहे, नाही चालला तर उरलेल्यांत. त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे करा. सोळा प्रोग्राम असले तरी चार फेऱ्यांत एकावर येता.

सापडला की त्याच्या सेटिंगमध्ये 'हॉट कीज' किंवा 'शॉर्टकट्स' शोधा आणि तिथली की काढा. प्रोग्राम लागतच नसेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपच्या यादीत तो डिसेबल करा. काम निम्म्यात असताना हे करू नका. आधी फाइली सेव्ह करा. आणि ज्या सॉफ्टवेअरवर केंद्राचं काम अवलंबून आहे, बायोमेट्रिक यंत्राचं किंवा सही करायच्या टोकनचं, ते या तपासणीतही बंद करू नका. जुलैत विम्याची रांग दारात असताना तर नकोच.

ब्राउझरमध्येच अडत असेल तर क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या) पानावर जा. डावीकडे 'कीबोर्ड शॉर्टकट्स' आहे. तिथे कुणापुढे 'ग्लोबल' निवडलेलं असेल तर ते एक्स्टेन्शन क्रोमच्या बाहेरही की अडवतं. 'इन क्रोम' करा.

पायरी ६: प्रोग्रामच्या आतलं भांडण

इथवर आलात म्हणजे की समोरच्या प्रोग्रामपर्यंत पोचते, पण भलतंच काम करते.

वर्डमधली शॉर्टकट बदलायची खिडकी पायरी २ मध्ये दाखवलीच आहे. तिथे जुन्या मालकाची आज्ञा शोधा, 'रिमूव्ह' दाबा, मग नव्याला 'असाइन' करा. 'रीसेट ऑल'ला हात लावू नका, त्यात दुसऱ्या ऑपरेटरचे शॉर्टकटही जातात. वर्ड हे सगळं नॉर्मल नावाच्या टेम्प्लेट फाइलीत ठेवतं, आणि ती फाइल साधारणपणे वर्ड बंद करताना सेव्ह होते. त्याआधी लाइट गेली तर लावलेले शॉर्टकट गेले. म्हणून शॉर्टकट लावून झाले की वर्ड एकदा बंद करून उघडा. आणि सध्या कोणते खास शॉर्टकट लावलेले आहेत याची यादी छापायची सोय वर्डमध्येच आहे: फाइल → प्रिंट, 'प्रिंट ऑल पेजेस' या यादीत खाली 'की असाइनमेंट्स'. ते पान छापून पडद्याशेजारी चिकटवा.

एक्सेलचे मूळ शॉर्टकट बदलता येत नाहीत, पण मॅक्रोला (एका कीवर आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या मालिकेला) शॉर्टकट देता येतो, आणि ती फाइल उघडी असेपर्यंत तो मूळ शॉर्टकटवर मात करतो. कुणी पाठवलेल्या फाइलीत कंट्रोल + सी वर मॅक्रो असेल तर उघड्या असलेल्या बाकी फाइलींतही कॉपी होणार नाही. शिवाय मॅक्रो चालला की आधीचं अन्डू सहसा पुसलं जातं, म्हणजे नुकसान मागे घेता येत नाही. तपासायला ती फाइल बंद करा. अडचण गेली तर मॅक्रोच्या यादीत ऑप्शन्स उघडून शॉर्टकट कंट्रोल + शिफ्ट + अक्षर असा करा.

कोरलड्रॉमध्ये टूल्स → ऑप्शन्स → कस्टमायझेशनमध्ये आज्ञांच्या यादीशेजारी 'शॉर्टकट कीज' आहे. नवी की दाबली की ती आधी कुणाची आहे ते दिसतं. 'नॅव्हिगेट टू कॉन्फ्लिक्ट ऑन असाइन' वर खूण केली तर कोरल तुम्हाला थेट जुन्या मालकाकडे नेतं, म्हणजे त्यालाही लगेच दुसरी की देता येते. सगळंच विस्कटलं असेल तर एफ८ दाबून धरून कोरल सुरू करा. सगळं मूळ रूपात येईल, मात्र तुमची मांडणीही जाईल. फोटोशॉपमध्ये एडिट → कीबोर्ड शॉर्टकट्स. तिथे टक्कर झाली की इशारा येतो आणि दोन वाटा मिळतात: स्वीकारून जुन्याला दुसरी की देणं, नाहीतर बदल मागे घेणं. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स → कस्टमाइझ → कीबोर्ड. तिथे उजवीकडे वर 'लिब्रेऑफिस' आणि 'रायटर' असे दोन पर्याय असतात. एकात पाहून मोकळं होऊ नका, दुसऱ्यातही पाहा.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी एवढंच: व्हीएस कोडमध्ये कंट्रोल + के आणि लगेच कंट्रोल + एस दाबा, ओळीवर उजवं क्लिक करून 'शो सेम कीबाइंडिंग्ज' निवडा. त्या कीचे सगळे दावेदार एका यादीत येतात. हे सगळ्याच प्रोग्रामांत हवं होतं.

नवी की निवडताना

विंडोज कीवर शॉर्टकट लावू नका. त्यातले पुष्कळ आधीच घेतलेले आहेत, अपडेटमध्ये आणखी जातात, आणि विंडोज + एल तर घेताच येत नाही. एकटं एफ बटणही टाळा. शिफ्ट किंवा कंट्रोल सोबत एफ बटण बरं. आधी ते नोटपॅडमध्ये आणि मग वर्डच्या चौकटीत दाबून मोकळं आहे ना ते पाहा.

गणिताच्या प्रश्नपत्रिकेला चिन्हं पुष्कळ लागतात. वर्डमध्ये दोन टप्प्यांचा शॉर्टकट देता येतो: चौकटीत आधी एखादी मोकळी जुळणी दाबा, ती सोडून लगेच १ दाबा. तीच जुळणी आणि मग २, ३ असं करत वर्गमूळ, थीटा, ओहम सगळं एका घरात बसतं. इंग्रजी कीबोर्ड चालू ठेवून हे लावा आणि वापरा. समीकरणाची चौकट उघडायला मात्र आल्ट + = आधीपासून आहे, तिला वेगळी की देऊ नका.

तरीही सुटलं नाही तर

विंडोजमध्ये नवं यूझर खातं तयार करून त्यात तोच शॉर्टकट दाबून पाहा. तिथे चालला तर दोष तुमच्या जुन्या खात्यातल्या सेटिंगमध्ये आहे, आणि त्या प्रोग्रामचे शॉर्टकट रीसेट करायला आता हरकत नाही. त्याआधी छापील यादी हाताशी असू द्या. नव्या खात्यातही चालला नाही तर संगणकभर बसवलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरकडे किंवा ड्रायव्हरकडे वळा. अडचण कोणत्या दिवशी सुरू झाली ते आठवा, सेटिंग्ज → ॲप्समध्ये बसवलेले प्रोग्राम तारखेनुसार लावा, आणि त्या दिवसाच्या आसपास आलेला प्रोग्राम आधी काढून पाहा.